व्याह्यांनी मागितलेलं तूप

आमची मंडळी जाऊन आता महिना होत आला. धुरपदा नाव तिचं. भजनी मंडळाच्या ग्रुपवर अजून कोन ना कोन तिच्यावर लिवतंय. सात्विक बाई हुती, माउली हुती, कधी पुढं पुढं केलं न्हाई, असं. फोटोखाली हात जोडल्याली चित्रं टाकत्यात. ते वाचलं की मला मान वर करू वाटत न्हाई. लोकं प्रेमानं लिवत्यात, त्यांची काय चूक न्हाई. पर ती पुढं पुढं का करत नव्हती ते त्यांना ठाव न्हाई. म्हणून मी लिवतोय. मी मच्छिंद्र. चौथी शिकलेला मानूस. दौंडला रेल्वेत गँगमन हुतो, आता रिटायर हाय. जसं बोलतो तसं लिवतो, चुकलं तर सांभाळून घ्या.

धुरपदा मूळची शिरूरची, घोडनदीच्या काठची. तिकडनं ती आईकडून एक काम शिकून आली हुती. चरबी कढवायचं. आता कुनी करत न्हाई. आमच्या गावात जत्रंला न्हाईतर आखाडात चार घरं मिळून बोकड कापत्यात, वाटे घालत्यात. त्या वाट्यात चरबी आली की आताची पोरं तोंड वाकडं करत्यात. खाटीक तर हिला बघितलं की हाळी मारायचा, "वहिनी, या, तुमचा माल ठिवलाय बाजूला. बाकीचं गिऱ्हाईक चरबी बघून पळतंय, तुम्ही चरबी बघून पळत येता."

ही म्हणायची, "पळू द्या. त्यांना तेलाचं पाकीट गोड लागतंय."

गुर्द्याभोवती जी पांढरी घट्ट चरबी असती तीच घ्यायची ती. बारीक चिरायची. पान्यात टाकून मंद जाळावर ठिवायची. पानी आटत आलं की चरबी सुटती. गाळायची, परत गरम पानी घालून ढवळायची, रातभर ठिवली की वर वडी धरती. ती वडी उचलायची, खालचं पानी ओतून द्यायचं, परत तेच. वास जाईपर्यंत करायची. आन् शेवटच्या कढाला इड्याचं पान आन् लवंग टाकायची, जसं लोणी कढवताना टाकत्यात तसं. खोबऱ्यावानी पांढरी वडी पडायची. नाकाला लावली तरी बोकड हाय म्हणून कळायचं न्हाई. त्याचा तिला लई तोरा हुता.

घरात तिचा उपयोग काय काय व्हायचा. थंडीत बाजरीची भाकरी गरम असताना वर बोटभर चरबी आन् मीठ, बास. कुळथाच्या शेंगोळ्याला तिचीच फोडणी. मटनाचा मसाला तिच्यातच परतायची, तेलाचा थेंब न्हाई. कढवताना खाली जे लाल कुरकुरीत तुकडे राहत्यात त्याला तिखट मीठ लावून ती मला डब्यात द्यायची, आमची अख्खी गँग त्याच्यावर तुटून पडायची. म्हशीच्या सडाला चिरा पडल्या की तीच लावायची. माझ्या आईच्या, सरूबाईच्या, टाचा थंडीत फुटायच्या, रक्त यायचं, तिला दुसरं काय लागू पडायचं न्हाई. माझे गुडघे खडीवर चालून चालून गेल्यालं. रातच्याला ती कोमट करून चोळायची, तवा कुठं झोप लागायची. दौंडच्या डॉक्टरला मी इचारलं हुतं एकदा. तो म्हणला, चोळायला काय हरकत न्हाई, खायला मात्र चवीपुरती, रोज नको, तुमचं बीपी हाय. ही म्हणली, "मग काय मी ताटभर वाढती का त्यास्नी?"

आता आमच्या घरात एक पद्धत हुती. मटनाचं जे काय असंल ते मागच्या छपरात. त्याची चूल छपरात, भांडी छपरात, चरबीची बरणी बी छपरात. घरात देव्हारा, तिथं ते आणायचं न्हाई. तुपाची बरणी घरात, चरबीची छपरात. दोन्ही बरण्या सारख्याच, चिनी मातीच्या, दौंडच्या बाजारातनं एकदमच घेतल्याल्या. कधी घोटाळा झाला न्हाई. घोटाळा व्हायचा प्रश्नच नव्हता.

शितल आमची एकुलती एक. करोनाच्या आदल्या हिवाळ्यात तिला पाटसच्या बाजूचं स्थळ आलं. ऊसवालं घर. पोरगा विश्वजीत, सणसवाडीला कंपनीत. त्याचे वडील बापूसाहेब म्हंजी कट्टर माळकरी. कांदा लसूण न्हाई, हाटेलचं पानी न्हाई, एकादस चुकवायची न्हाई. पसंती झाल्याली, बोलणी करायला ते यायचे हुते. ते, विश्वजीत आन् त्यांचा एक चुलतभाऊ. पुरणपोळीचा बेत. धुरपदानं आदल्या दिवशी सगळं घर सारवल्यावानी धुऊन काढलं. छपराचं दार लावून घेतलं.

आन् सकाळी आमच्या आईच्या टाचा ठणकायला लागल्या. ती उठली, छपरात गेली, बरणी घेऊन आली आन् घरातल्या चुलीच्या कडंला ठिवली. थंडीनं चरबी दगड झाली हुती, ती जरा मऊ पडावी म्हणून. टाचंला लावून म्हातारी उन्हाला जाऊन बसली. बरणी तिथंच.

पुढचं तुम्हाला कळलंच असंल. पाव्हणं ताटावर बसल्यालं, पोळ्या तव्यावर, धुरपदाची घाई. चुलीच्या कडंची बरणी ओढली, पातळ झालेलं वाटीत काढलं. इड्याच्या पानाचा वास सुटल्याला. पाव्हण्यांचा चुलतभाऊ म्हणला, मला कोलेस्ट्रॉल हाय, तूप नको. विश्वजीतनं पोळी दुधात कुस्करली. बापूसाहेबांनी मात्र हात आडवा केला न्हाई. मी वाढायला हुतो. ते म्हणले, "सोडा पाव्हणं, सोडा. तूप बघून पोळी ओळखायची असती." मी सोडली धार. खाल्लं. परत मागितलं. मग स्वैपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणले, "इहीणबाई, तूप खावं तर तुमच्या हातचं! जन्मात असं खाल्लं न्हाई!"

आतनं ही पदर तोंडाला लावून हसली. बोलणी एका बैठकीत झाली. हुंडा न्हाई, मानपान न्हाई. नारळ द्या आन् पोरगी द्या, म्हणले.

ते गेल्यावर धुरपदा ताटं घासायला बसली. पाव्हण्यांची ताटं म्हणून कुनाला हात लावू दिला न्हाई. मी बाजूला तंबाखू मळत हुतो. ती एकदम थांबली. बापूसाहेबांच्या ताटाच्या कडंला पांढरं मेणावानी धरलं हुतं. तूप थंडीत रवाळ होतंय, असं चिकटून बसत न्हाई. तिनं बोटानं खरवडलं. हुंगलं. उठली, चुलीकडं गेली, बरणी बघितली. परत आली ती राखेतच बसली.

"अवो," म्हणली, "मी त्यास्नी बोकड चारला."

मला आधी हसू आलं. मी म्हणलं, "खाल्लं ना त्यांनी? परत मागून खाल्लं. पचलं बी असंल." ती हसली न्हाई. आई बाहेरनं आली, तिला कळलं, तिनं कपाळावर हात मारला आन् लगेच म्हणली, "गप ऱ्हा दोघं बी. पोरीचं जमलंय. त्यो मानूस घरी जाऊन चार दिवस उलट्या करंल आन् सुपारी माघारी धाडंल. माझ्या टाचंपायी पोरगी बसवू नका."

धुरपदा म्हणली, "लगीन लागू द्या. मग मी सांगती."

लगीन लागलं. मग म्हणली, नवीन नवीन हाय, जरा रुळू द्या पोरीला. मग करोना आला. मग शितलला दिवस गेलं. मग बारसं. सांगायचं तसंच राहिलं.

तिनं त्या दिवसापासनं चरबी कढवायची सोडली. बरणी घासून छपरात पालथी घातली. मटन सोडलं. एकादस धरली. भजनाला जायला लागली. तिथं कुठं बसायची, तर दाराशी, चपला काढत्यात तिथं. बाया म्हणायच्या, "धुरपदाबाई, पुढं या की." ही म्हणायची, "इथंच बरंय." सप्त्यात पंगतीला भाकरी वाढायची, भाजी वाढायची, तुपाच्या भांड्याला हात लावायची न्हाई. लोकांना वाटलं, काय नम्र बाई हाय. मला म्हणायची, "ते मला चांगलं म्हणत्यात तवा लई वाईट वाटतं. शिव्या दिल्या तर बरं वाटंल." गळ्यात माळ घाल म्हणून बाया मागं लागल्या. तिनं घातली न्हाई. म्हणली, ज्यांच्या गळ्यात हाय त्यांची मी बाटवली, मी कुठल्या तोंडानं घालू.

आन् व्याही दर खेपेला मागायचे तूप. दिवाळीला आले, "इहीणबाई, ते तूप?" हिनं आठ दिवस साय साठवून चांगलं म्हशीचं तूप कढवून ठिवल्यालं. ते चाखायचे. मान हलवायचे. "चांगलं हाय. पर त्या दिवशीची चव न्हाई." ही आत जाऊन बसायची.

बारशाला तर त्यांनी सगळ्या पाव्हण्यांत इषय काढला. पाटसचे चार माळकरी संगं आणल्यालं. "अवो, ह्या घरी मी एकदा तूप खाल्लंय. पोळी राहिली बाजूला, मी नुसतं तूप खाल्लं असतं. व्हय का न्हाई पाव्हणं?" मी म्हणलं, "व्हय." मग सगळे हिच्याकडं बघायला लागले. एकजण म्हणला, "इहीणबाई, त्यात काय टाकलं हुतं ते तरी सांगा." तिच्या हातात घुगऱ्यांचं ताट हुतं. तिनं तोंड उघडलं. मला वाटलं आता सांगती. तेवढ्यात आमची आई कोपऱ्यातनं म्हणली, "ती म्हस येगळी हुती बाबा. इकली आम्ही. आता कुठलं तसलं तूप."

झालं. बापूसाहेबांनी इचारलं, "कुनाला इकली?"

आईनं आपलं तोंडाला आलं ते सांगितलं. "रांजणगावच्या अंगाला. बाजारात इकली, नाव काय लक्षात न्हाई."

खरी गोष्ट अशी की एक म्हस आम्ही लग्नाच्या साली इकली हुती. म्हातारीला वाटलं, एवढ्यावर इषय मिटंल. पर बापूसाहेब उसाच्या वजनकाट्यावर भांडून बिल बदलून घेणारा मानूस. त्यांनी दलाल गाठला. दलालानं शेतकरी गाठला. पुढच्या महिन्यात फोन आला, आवाजात नुसता आनंद. "पाव्हणं! म्हस घावली! आणली दारात!"

मी फोन ठिवला आन् धुरपदाला सांगितलं. ती पीठ मळत हुती. तसंच पीठ हाताला ठिवून उठली आन् मागं जाऊन ओकली.

ती म्हस आता पाटसला. धार शितल काढणार, लोणी शितल काढणार, तूप शितल कढवणार. ते तूप सासरा चाखणार. आन् चव काही ती न्हाई. म्हस तीच, मग चुकतंय कोन? तर शितल. आधी नुसतं म्हणायचे, "आईला नीट इचारून घे पोरी." मग म्हणायला लागले, "आईचा हात न्हाई तुला." मग पाव्हण्यांच्या समोर, "म्हस आणली, पर हात इकत मिळत न्हाई." शितल फोनवर आईला रोज इचारायची, "आई, तू पान किती टाकतीस? जाळ केवढा ठिवतीस? काय राहतंय माझं?" ही सांगायची, पान एक, जाळ मंद, आन् फोन ठिवून रडायची. पोरगी कढई कढई तूप करत हुती एका चवीसाठी, जी कुठल्याच म्हशीत नव्हती.

माझी आई गेली मागच्या साली, तिला दोष देत न्हाई. जाताना ती धुरपदाला म्हणली, "माझ्या टाचा गेल्या, तुझा घोर राहिला."

यंदा धुरपदाच्या पोटात गाठ निघाली. पुण्याला नेली, मोठ्या डॉक्टरांनी बघितलं आन् घरी न्या म्हणले. शितल येऊन राहिली. एक दिवस ती आईचे पाय दाबत हसत हसतच बोलली, "आता मी तूप बिघडवलं की मामंजी म्हणणार, आई हुती तोवर शिकली न्हाई." तिनं सहज म्हणलं. धुरपदानं पाय ओढून घेतलं. मला म्हणली, "व्याह्यांना बोलवा. उद्याच्या उद्या बोलवा."

बापूसाहेब आले. खुर्ची घेऊन उशाशी बसले. सफरचंदं आणल्याली. म्हणले, "इहीणबाई, बऱ्या व्हा, मला तूप खायचंय तुमच्या हातचं." तिनं मला सांगितलं, मला बसवा. मी पाठीला उशी दिली. तिनं सगळं सांगितलं. बरणी, चूल, सासूच्या टाचा, ताटाच्या कडंचं मेण. काही वगळलं न्हाई. आईवर ढकललं न्हाई. "मी बघून घ्यायला पाहिजे हुतं, मी बघितलं न्हाई. आन् मग सांगितलं न्हाई. पोरीला बोलू नका, तिच्या हातात खोट न्हाई. तिचं तूपच खरं हाय."

शितल दारात उभी. ती एकदम म्हणली, "आई! एवढंच हुतं? मला तरी सांगायचं. मी त्या म्हशीपुढं बसून रडलीय गं!"

बापूसाहेब उठले. बाहेर नळावर गेले. आन् चूळ भरली. एक न्हाई, भरत राहिले, घशात बोट घालून. इतक्या वर्सांनी. आत सगळं ऐकू येत हुतं. मग गाडी चालू झाल्याचा आवाज आला. चहा तसाच.

धुरपदा म्हणली, "काय करत हुते ते नळावर?"

मी म्हणलं, "पानी पीत हुते."

ती म्हणली, "आपल्या घरचं पानी ते पितील व्हय आता?" आन् भिंतीकडं तोंड केलं. त्याच्यापुढं ती फार दिवस न्हाई राहिली. रोज सकाळी इचारायची, पाटसवरनं फोन आला का. मी म्हणायचो, रेंज न्हाई. ती गेली तवा बापूसाहेब मातीला आले, लांब बाभळीखाली उभे राहिले. दहाव्याला आले न्हाईत. मला काळजी एकच, आता शितलचं कसं. पोरगी म्हणायची, "आण्णा, मला न्यायला कोन येतंय का बघू." विश्वजीत फोन करायचा, पर वडलांचं नाव काढायचा न्हाई.

तेराव्यानंतर जीप आली. सवता बापूसाहेब उतरले. मी बघितलं तर गळा मोकळा. माळ न्हाई. जिथं माळ असायची तिथं कातडी पांढरी.

मी खाट टाकली. बसले न्हाईत. म्हणले, "पाव्हणं, मी महाराजांना इचारून आलो. ते म्हणले, नकळत खाल्लं, त्याचं काय न्हाई, माळ काढायची गरज न्हाई."

मी म्हणलं, "मग?"

"मग मीच काढली. नकळत एकदा खाल्लं. बाकीची सगळी वर्षं ती चव मीच मागत फिरलो. लोकांत मिरवलो. म्हस धुंडाळली. सुनंला बोललो. माळ घालून मी बोकडाची चव हुडकत हुतो पाव्हणं, आन् तूप म्हणत हुतो. तोंडाला अजून आठवती ती. इहीणबाईंनी चूक एकदा केली आन् तिची लाज मरेपर्यंत धरली. मी त्यांच्या दारात चुळा भरल्या. तेवढं करून आलो मी. परत यायला पाहिजे हुतं. रोज निघायचो, गावाच्या फाट्यापर्यंत यायचो, माघारी फिरायचो."

मी म्हणलं, "ती रोज तुमच्या फोनची वाट बघत हुती." हे सांगायला नको हुतं, पर सांगितलं. त्यांनी डोळ्याला टॉवेल लावला.

शितल पिशवी घेऊन बाहेर आली. ते तिला म्हणले, "पोरी, ती म्हस मी इकून टाकतो."

शितल म्हणली, "नका इकू मामंजी. दूध चांगलं देती. आन् तूप बी चांगलंच हाय तिचं."

"चांगलंच हाय," ते म्हणले. "मीच नावं ठिवत हुतो."

मी इचारलं, हे सगळं मंडळाच्या ग्रुपवर लिवू का, लोकं तिला माउली म्हणत्यात, मला सोसत न्हाई. ते म्हणले, "लिवा. माझं नाव घालून लिवा. माझ्या गळ्याकडं बघून लोकं इचारत्यात, मी अलर्जी झाली म्हणून सांगतोय."

मी आतनं तांब्या आणला. त्यांनी तांब्या घेतला, दोन घोट पानी प्यायले. आमच्या घरचं. मी तिच्या फोटोकडं बघितलं, तर मलाच बघवंना. ही एवढी दोन घोट पान्याची गोष्ट तिला बघायला मिळाली असती, तर ती भिंतीकडं तोंड करून गेली नसती. मी रेंज न्हाई म्हणत बसलो, तवा एकदा मीच फोन लावायला काय झालं हुतं? व्याही उंबऱ्याबाहेर खाली बघत उभे, मी उंबऱ्याच्या आत खाली बघत उभा. शेवटी शितलच म्हणली, "चला मामंजी, धारंची येळ होईल."